पाण्यातून काढलेलं कापड

असं समज, बाळ, की वीज गेली आहे, खोलीत अंधार आहे, आणि कुणीतरी तुझ्या हातात कापडाचा एक तुकडा दिला आहे. रंग दिसत नाही, नक्षी दिसत नाही. तरी ते कापड नवं की वापरून मऊ झालेलं, हे तुझ्या बोटांना लगेच कळेल. गालाला लावलंस तर आणखी कळेल. आता असं समज की वीज आली, पण तेच कापड काचेच्या पलीकडे गेलं. रंग दिसतो, काठ दिसतो, हात मात्र काचेवरच थांबतो. सांग पाहू, ते मऊ आहे का? घाई करू नकोस, मलाही सांगता येत नाही. क्रांती नावाच्या एका बाईला मात्र ते सांगता यायला हवं होतं, तेही दुपारच्या जेवणाआधी. तिची गोष्ट कळायची तर थोडा वेळ तिच्या मनातच जाऊन बसावं लागेल. तिथं पसारा आहे, पण बसायला जागा होईल.

दिल्लीच्या द्वारका भागातल्या क्रांतीच्या फ्लॅटमध्ये दिवाळी संपली की कापडं घरात येत. एरवी ती बाल्कनीत वाळत, पण थंडीच्या तोंडाशी दिल्लीची हवा अशी होते की सकाळी टाकलेलं पांढरं कापड संध्याकाळी राखेत लोळवल्यासारखं दिसतं. मग क्रांती बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधी आणि मलमलीचे लांब तुकडे त्यांवर टाकी. त्यांच्याखालून वाकून स्वयंपाकघरात जावं लागे. तिचा नवरा अतुल मानेसरच्या कारखान्यात जायला अंधार असतानाच कंपनीची बस पकडायचा, तेव्हा रोज एक ओलं कापड त्याच्या तोंडावर येई, आणि तो ते बाजूला करून निघून जाई. ही कापडं कुंच्यांसाठी होती. कुंची म्हणजे तान्ह्या बाळाची टोपी, जिचा मागचा भाग पाठीवर मोकळा सुटतो आणि जी गळ्याशी बंदांनी बांधतात. क्रांती कुंच्या शिवून घेई आणि फोनवरच्या दुकानातून विके. शिवण्याआधी ती प्रत्येक कापड बऱ्याच पाण्यांतून काढी, इतक्या की त्याची खळ जाई, रंग खाली उतरे, आणि हातात घेतलं तर ते हातात आहे की नाही असं वाटे. ते तसंच हवं, असं तिला वाटायचं. गुडगावची नोकरी सोडून, मुलगी समता शाळेतून आली की घराला कुलूप नसावं म्हणून तिनं हा उद्योग मांडला होता. ही थंडी नीट गेली तर उद्योग टिकणार होता. नाहीतर पुन्हा नोकरी आणि पुन्हा शेजारणीकडे ठेवलेली किल्ली.

त्या दिवशी सकाळी गार्डनं खालून इंटरकॉम केला, "मैडम, आपका रिटर्न आया है." पाकीट परत येणं नवं नव्हतं. पण हे पाकीट उघडल्यावर आधी आला तो वास, कुणाच्या तरी घरातल्या उदबत्तीचा आणि बाळाच्या पावडरचा. आपलीच कुंची दुसऱ्याच्या घरचा वास घेऊन आली होती. मग तिनं चिठ्ठी पाहिली. परतीची कारणं छापलेली असतात, त्यातलं एक निवडायचं असतं. निवडलेलं कारण होतं 'वापरलेला माल', आणि खाली मागवणाऱ्या बाईनं हिंदीत स्वतःहून एक ओळ जोडली होती: छोटे बच्चे के लिए किसी का उतरा हुआ कपड़ा भेज दिया. क्रांती ती ओळ वाचत दोन कापडांच्या मध्ये उभी राहिली. उतरा हुआ. कुणाच्या तरी अंगावरून उतरलेलं. तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिनं ती पुन्हा वाचली. हे आपण पूर्वी कुठंतरी ऐकलं आहे, या शब्दांत नव्हे, पण याच चवीचं, असं तिला वाटलं, आणि कुठं ते काही केल्या आठवेना.

तेवढ्यात हितेश आला. हा तिचा मावसभाऊ, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, जाहिरातीच्या कंपनीत नोकरी करणारा आणि ताईच्या दुकानाच्या जाहिराती फुकटात सांभाळणारा. हवा वाईट म्हणून त्याचं ऑफिस घरूनच चाललं होतं. मास्क हनुवटीवर ओढत, डोक्यावरची कापडं हातानं वर उचलत तो आत आला.

"ताई, तुझ्या घरात शिरलं की वाटतं, पडदा उघडणार आणि नाटक सुरू होणार."

"पोहे आहेत. नाटकाआधी खाऊन घे."

"पहिले हे बघ, मग ओरड." त्यानं पिशवीतून एक कुंची काढून दिवाणावर ठेवली. रंग राणी, इतका की भिंतीवरही थोडा सांडल्यासारखा वाटला. डोक्यावर सशाचे दोन कान, आत कापूस भरलेले, ताठ.

आतल्या खोलीतून समता पळत आली. प्रदूषणामुळे शाळा बंद होती आणि वर्ग लॅपटॉपवर चालला होता. "मामा! कान! हे किती मस्त आहेत यार!"

"बघ, मार्केट बोललं," हितेश म्हणाला.

"मार्केटचा गणिताचा तास चालू आहे. समता, आत जा."

"मॅम म्यूटवर आहेत, आई. केव्हाच्या शिकवतायत. त्यांना माहीतच नाहीये, बिचाऱ्या."

"मग सांग जा त्यांना."

"सांगितलं तर शिकवतील ना," असं म्हणून समता कानांना हात लावून परत गेली.

हितेशनं पोह्यांची बशी मांडीवर घेतली आणि फोन तिच्यापुढे धरला. जाहिरातीत त्यानं अर्ध्या लोकांना क्रांतीच्या धुतलेल्या कुंचीचा फोटो दाखवला होता आणि अर्ध्यांना या नमुन्याचा. कोण कुठं किती वेळ थांबलं आणि कुणी घेतलं, हे सगळं फोनला कळत होतं. "मी काही म्हणत नाहीये, ताई. लोक म्हणतायत. तुझ्या फोटोवर बोट थांबतं. बघतात, बघतात, आणि पुढे जातात. ह्याच्यावर कोणी थांबतच नाही, सरळ घेतात."

"पण थांबतात ना?"

"थांबण्याला घेणं म्हणत नाहीत." त्यानं लिंबू पिळलं. "धुणं सोडून दे. कापड गिरणीतून येतं तसंच कापायचं. नोएडाला चिरागभाईंच्या युनिटमध्ये शिवून होईल, कान वगैरे सगळं. तुझं पाणी वाचेल, कमर वाचेल, घर वाचेल. फक्त जेवणाआधी हो म्हणायला हवं, नाहीतर ते दुसऱ्याचं काम धरतील, आणि मग थंडी गेली."

क्रांतीनं नमुना उचलला. गळ्याजवळची शिवण बोटांत चोळली. खळीचं कापड, पापडासारखं वाजलं. "आणि हे बाळाच्या मानेला टोचलं तर?"

"बाळ रिव्ह्यू लिहीत नाही, ताई."

तो गमतीनं बोलला, पण बोलल्यावर त्यालाच ते बरं वाटलं नसावं, कारण तो खाली मान घालून पोह्यांतले शेंगदाणे वेचू लागला. तिनं विचारलं, "आणि कान कशाला? बाळाला दोन असतात की." त्यावर तो मोकळं हसला, म्हणाला, "बिल्कुल असतात, पण ते फोटोत दिसत नाहीत." मग त्याच्या ऑफिसचा फोन आला आणि तो बाल्कनीचं दार ओढून घेऊन बाहेर उभा राहिला. काचेपलीकडे त्याचे हात हलत होते, आवाज येत नव्हता.

थांबणारी ती माणसं कोण असतील? हितेशला ती नकोशी होती, क्रांतीला मात्र त्यांचाच विचार येत राहिला. रोहिणीत, फरिदाबादेत, कुठल्याशा खोलीत, कुणाचा तरी अंगठा तिच्या फिक्या कुंचीवर येऊन थबकत होता. काय बघत असतील? एखादीला आपल्या घरची अशीच काही वस्तू आठवत असेल, नाव आठवत नसेल. तिला वाटलं, त्या प्रत्येकीच्या दारात जावं, कापड तिच्या हातात द्यावं आणि काही न बोलता परत यावं. पण त्या थांबत होत्या त्या तिच्यासाठी नव्हेच, आणि पुढे जात होत्या तेव्हा मागे वळून पाहायची तिथं सोयही नव्हती. हातानं कळणारी गोष्ट डोळ्यांना विकायला बसलो आपण, असं तिला वाटलं. यात चूक फोनची कशी म्हणायची?

आई असती तर काय म्हणाली असती, हे तिला हल्ली रोज वाटे. आईला जाऊन दोन हिवाळे झाले होते. शेवंता तिचं नाव. क्रांतीचे वडील राजाराम यवतमाळकडून दिल्लीत मंत्रालयात कारकून म्हणून आले, आणि रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचा संसार झाला. क्रांती पहाडगंजच्या मराठी शाळेत जायची. परत येई तेव्हा क्वार्टरमागच्या अंगणात हिवाळ्याचं ऊन असे, उन्हात आईचं मशीन असे, आणि मशीनवर कुठल्या तरी घरची जुनी साडी. आपल्याकडे बाळाला पहिलं कापड नवं घालत नाहीत. घरातल्या मोठ्या बाईची नेसून नेसून मऊ झालेली साडी काढतात आणि तिची झबली, कुंची, दुपटी करतात. क्वार्टरमधल्या मराठी बायका अशा साड्या घेऊन शेवंताकडे येत. प्रत्येक साडीला आपापल्या घराचा वास असे, आणि क्रांती दप्तर न काढताच त्या ढिगात तोंड खुपसून हा वास कुणाकडचा ते ओळखी. पुढं आयुष्यात तिनं पुष्कळ कापड पाहिलं, महागही पाहिलं. पण कापड म्हटलं की तिला तोच ढीग हवा असे, तेच ऊन, मशीनची तीच खडखड, आणि दोन टाक्यांमध्ये थांबून आईनं कापडावरून फिरवलेला तळहात. ती ओढ इतकी जुनी झाली होती की तिला आता आवड असं नाव पडलं होतं. दुकानाच्या पानावर तिनं लिहिलंही होतं: माझ्या आईच्या पद्धतीनं, अनेक पाण्यांतून काढलेलं.

पण आईची पद्धत अशी मुळात होती का?

इथं जरा सावकाश वाच, बाळ, कारण क्रांतीही इथं सावकाशच आली. ढीग आठवला, ऊन आठवलं, तसा त्या उन्हात धुण्याचा आवाज तिनं शोधला, आणि तो सापडेना. सुरुवातीच्या दिवसांत पाणीच नव्हतं. साडी आधीच मऊ असायची. आई कापायची, शिवायची, घडी घालून द्यायची. पाणी नंतर आलं. केव्हा आलं? आणि मग ते पाकिटातून निघाल्यासारखं समोर आलं. वृंदाकाकूंचं घर. वृंदाकाकू चांगल्या होत्या, क्रांतीला नेहमी लाडू द्यायच्या. त्यांना नातू झाला तेव्हा त्यांनी स्वतःची जुनी चंदेरी साडी शेवंताकडे दिली. कुंची झाल्यावर मायलेकी ती द्यायला गेल्या. काकूंनी दार उघडलं, कौतुक केलं, म्हणाल्या, "किती सुबक शिवलंयस ग शेवंता! ठेव हं तिथं खुर्चीवर. पाण्यातून काढते आणि मग घालते बाळाला." बाळाचं कापड कुणीही धुऊनच घालतं, यात काय आहे? तेवढ्यात समोरच्या संपदाताई आल्या. त्यांनी विणलेला स्वेटर सुईवरूनच उतरवून आणला होता, एक दोरा अजून लोंबत होता. काकूंनी तो घेतला आणि तिथल्या तिथं बाळाच्या गळ्यात घातला. दोरा त्यांनी दातानं तोडला. क्रांती हातात लाडू घेऊन ते बघत होती. आईही बघत होती. मग त्या घरी आल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आई धुऊ लागली. सगळ्यांच्या सामाईक नळावर, भर सकाळी, सगळ्या बायका पाणी भरत असताना, गरजेपेक्षा जास्त आवाज करत. द्यायला जाई तेव्हा दारातूनच म्हणे, "पाण्यातून काढून आणलंय, बाई." समोरच्यांना म्हणायला काही उरायला नको म्हणून.

सकाळची ती ओळ ओळखीची का वाटली, हे क्रांतीला आता कळलं. किसी का उतरा हुआ. आईनं आपल्या हाताचा स्पर्श जावा म्हणून कापड धुतलं, आणि तिची लेक ते तसंच धुते म्हणून आज कुणाला त्यात परक्या अंगाचा स्पर्श दिसतो. ती दोरीवरच्या ओल्या मलमलीला टेकून उभी राहिली. बाहीतून गारवा आत आला. म्हणजे हेच ना? ज्याला मी आवड म्हणत होते, पानावर मोठ्या अक्षरांत लिहीत होते, ते आईनं दुसऱ्यांची तोंडं बघून शिकलेलं होतं. तिच्याकडे फोन नव्हता इतकंच. दारात उभं राहून कोण कापड हातात घेतं आणि कोण खुर्चीवर ठेवायला सांगतं, हे ती वाचत होती, आणि त्याप्रमाणे माल बदलत होती. मग हितेश वेगळं काय सांगतोय? सोडून द्यावं. खळीचं कापड घ्यावं, राणी रंग घ्यावा, दोऱ्या उतरवाव्यात. घरात नीट ताठ चालता येईल. या विचारानं तिला हलकं वाटायला हवं होतं. तिला आली ती नुसती आईची आठवण.

आणि आई आलीही, पण क्वार्टरमधली नव्हे, याच घरातली. समता झाली तेव्हा शेवंता इथं राहायला आली होती. राजाराम नव्हते, केस पिकले होते, गुडघे धरले होते. इथं कुणाच्या दारात जायचं नव्हतं, सामाईक नळ नव्हता. तरी ती बाथरूममध्ये पाटावर बसून कुंचीचं कापड खळाखळा धूत राही, पिळी, झटके, पुन्हा बादलीत टाकी. क्रांती पलंगावरून ओरडली होती, "आई, पुरे ना. आता कुणासाठी एवढं धुतेस? ही तर आपलीच आहे."

आतून पाण्याचा आवाज थांबला होता. "आपली आहे म्हणून तं," शेवंता म्हणाली होती, आणि पुन्हा नळ सोडला होता. थोड्या वेळानं क्रांती भिंत धरत धरत पाहायला गेली, तर आई ओलं कापड स्वतःच्या मानेला लावून, डोळे मिटून बसली होती. कुठं बोचतंय का ते बघत असावी. किंवा नुसतीच बसली असावी. तिच्या तोंडावर वृंदाकाकू नव्हत्या. कुणीच नव्हतं.

बाल्कनीचं दार सरकलं. हितेश खोकत आत आला. "बाहेर श्वास नाही घेता येत, यार. बोल ताई, काय सांगू चिरागभाईंना?"

"नाही म्हण. धुतलेलंच द्यायचं."

तो दिवाणाच्या कडेवर बसला. "हा सीझन गेला तर परत नोकरी शोधीन, असं तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"मग?"

"मग शोधीन. भीती वाटते मला, हितेश, वाटत नाही असं नाही. पण कडक कापड बाळाच्या गळ्याशी बांधायचं, आणि ते दिसत नाही म्हणून चालून जाईल म्हणायचं... ते माझ्याच्यानं होणार नाही. बाकी तू म्हणशील ते."

"मौसी पण अशीच होती," हितेश म्हणाला. "मला आंघोळ घातली की कान दुखेपर्यंत पुसायची." त्यानं फोन काढला, चिरागभाईंना दोन वाक्यांत नाही कळवलं आणि फोन उलटा ठेवला. त्यानं डोक्यावरच्या कापडांकडे पाहिलं. मग म्हणाला, "अच्छा. पण एक सांग. टोमणा नाही मारत, खरंच विचारतोय. फोटोत दाखवू काय? मऊ कसं दाखवतात?"

क्रांती दोरीपाशी गेली. तिनं मलमलीचं टोक बोटांत धरलं, सोडलं. शब्द तिनं पानावर लिहून पाहिले होते, ते कुणी वाचत नव्हतं. खोलीत कापडं हलकेच हलत होती. आतल्या खोलीतून मॅमचा आवाज येत होता, आता चांगला मोठ्यानं, भागाकाराबद्दल. बाकी काहीच आवाज नव्हता, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या खोलीतून इतका कमी आवाज येणं बरं नसतं.

"समता?"

दारातून दिसलं, ती लॅपटॉपकडे पाठ करून जमिनीवर बसली होती. राणी रंगाचा नमुना तिनं केव्हा उचलून नेला होता, दोघांनाही कळलं नव्हतं. कात्रीनं त्याचे दोन्ही कान उसवून झाले होते. तयार कुंच्यांच्या ढिगातली एक फिकी कुंची मांडीवर होती, आणि एक कान तिच्या डोक्यावर लागलाही होता, मोठमोठ्या टाक्यांनी, जरा कलता.

"अगं, ते सॅम्पल आहे!" हितेश ओरडला.

"मला फक्त कान हवे होते, मामा," समता मान वर न करता म्हणाली. "बाकीचं टोचतं ते."

क्रांतीला म्हणायचं होतं की कुंचीला कान नसतात. तेवढ्यात समतानं दुसरा कान उचलला, लावून पाहिला, आणि कंटाळून खाली ठेवला. मग तिनं ती एका कानाची कुंची स्वतःच्या डोक्यावर ओढली. ती कपाळापर्यंतही आली नाही, भाकरीसारखी टाळूवर बसली. तशीच ती उठली, कापडांखालून न वाकता आईपुढे आली, दोन्ही बंद तिच्या हातांत दिले, आणि बांधून घ्यायला हनुवटी वर करून उभी राहिली.